वाटाण्यांची खुर्ची

आमच्या घरी त्या हिवाळ्यात पांढरे वाटाणे दोन कामांसाठी भिजत पडत. एक काम आत्याचं, उसळीचं. दुसरं माझं. वाटाणे भिजून टपोरे झाले की खराट्याचे हीर मोडून मी त्यांत खुपसायची आणि रेणूंचे सांगाडे बनवायची. बाजारात असले सांगाडे तयार मिळत नव्हते. परदेशातून मागवलेला लाकडी गोळ्यांचा एक संच रसायनशाळेतल्या आमच्या सरांच्या कपाटात होता, पण त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. वाटाणा स्वस्त, आणि सुकला की हिराला असा घट्ट धरतो की सोडवता सोडवत नाही. अडचण एवढीच होती की भिजत घालायचं पातेलं एक होतं. एका सकाळी मी उठले तेव्हा माझे कार्बनचे सगळे अणू फोडणीत गेलेले होते. मी ते खाल्ले. बरे लागले असावेत.

खराट्याचंही तसंच. तो दिवसेंदिवस रोडावत चालला होता आणि आत्या शेजारणीवर संशय घेत होती. मी खुलासा केला नाही. लपवायचं होतं असं नाही, तोंड उघडायचा कंटाळा होता. त्या दिवसांत मला प्रत्येक गोष्टीचा कंटाळा होता आणि त्या कंटाळ्याचंही काही वाटत नव्हतं.

आई श्रावणात गेली होती. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि तिला घेऊन गेला. घाटकोपरला डोंगराच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या. मी एकुलती एक. वडील, म्हणजे आमचे दादा, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. मी शहरातल्या एका रसायनशाळेत एम.एस्सी.साठी संशोधन करत होते. त्या वेळी अशा मुली थोड्या होत्या आणि ज्या होत्या त्यांच्याकडे लोक जरा वळूनच बघत. मला रसायनशाळेत घालायचा हट्ट आईचा. दादा नुसते हो म्हणाले होते. दादा आयुष्यभर हो म्हणत आले, आधी आईला, मग साहेबाला, आणि आई गेल्यावर आत्याला.

आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. मालवणकडची, विधवा, मूलबाळ नाही, गावचं घर दिरांच्या ताब्यात. आईच्या दिवसकार्यासाठी म्हणून आली ती राहिलीच. अंगाने चांगली दांडगी, आवाज त्याहून दांडगा. ती आली आणि आमच्या दोन खोल्यांची रचना बदलली. तिची ट्रंक जिथे ठेवली तिथून दादांची खाट उठून गॅलरीत गेली. खाट गॅलरीत गेल्यावर माझं टेबल तिथून उठलं आणि माझा अभ्यास खिडकीच्या कट्ट्यावर आला. जेवताना ती शेगडीपाशी बसायची. वाढणारी बाई शेगडीपाशीच बसणार. ती आईची जागा होती. ते माझ्या लक्षात आलं आणि मी आमटी मागून घेतली. तिने कोणाला सरका म्हणून सांगितलं नव्हतं. ती बसली आणि आम्ही आपापले सरकलो.

मला रडू येत नव्हतं. पहिल्या दिवसांत बायका भेटायला येत, माझ्या गळ्यात पडून रडत, आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीचा पोपडा बघत उभी असायची. आधी त्यांनी कौतुक केलं, पोरगी घट्ट आहे म्हणून. मग त्याच बायका जिन्यात कुजबुजायला लागल्या, शिकलेल्या मुली अशाच म्हणून. त्यांचंही चुकत नव्हतं. आई माझी फार लाडकी होती आणि ती गेल्यावर मला काही होत नव्हतं. मी जेवत होते, झोपत होते, गाडी पकडत होते. हात कापला तर रक्त येताना दिसायचं, दुखायचं नाही असं मात्र नाही, दुखायचं. पण दुसऱ्या कोणाचं तरी दुखतंय आणि मला कळवलं जातंय असं वाटायचं.

रसायनशाळेत माझा विषय होता सहा कार्बनचं कडं. कागदावर आपण त्याचा सपाट षट्कोन काढतो. तो खोटा असतो. खरं कडं खुर्चीसारखं वाकून बसतं, एक टोक वर, समोरचं टोक खाली. त्यातल्या प्रत्येक कार्बनपाशी बसायला दोन जागा असतात. एक उभी, सरळ वर किंवा सरळ खाली. दुसरी बाहेरची, कडेने पसरलेली, ऐसपैस. आणि हे कडं स्वस्थ बसत नाही. ते सारखं उलटतं. एक खुर्ची मोडून दुसरी होते आणि त्या उलटण्यात उभे होते ते बाहेर जातात, बाहेर होते ते उभे राहतात. सगळीकडे हायड्रोजनसारखी चिल्लर असली तर त्याने कोणाचं बिघडत नाही.

पण एखाद्या जागी थोराड गट आणून बसवला की प्रकार बदलतो. उभ्या जागेत तो त्याच बाजूच्या दोन उभ्या शेजाऱ्यांवर आदळतो. म्हणून तो बाहेरची जागा धरतो, आणि त्याला ती मिळावी म्हणून अख्खं कडं वळून घेतं. टर्शरी ब्यूटाइल नावाचा एक फांद्या फुटलेला गट आहे. तो इतका थोराड की एकदा बाहेर बसला की कडं उलटायचं जवळजवळ थांबतंच. जखडल्यासारखं होतं. आम्ही प्रयोगशाळेत त्याला जाडा म्हणायचो. ही सगळी कल्पना तेव्हा नवी होती. परदेशी जर्नलं बोटीने यायची, सर ती आधी घरी नेऊन वाचायचे आणि मग आम्हाला मिळायची. आमच्या पुस्तकांत तोवर सपाट षट्कोनच होते.

माझं काम मात्र जाड्याशी नव्हतं. कड्याच्या दुसऱ्या टोकाला, जाड्याच्या अगदी समोर, एक लहानसा गट होता. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, अल्कोहोलमध्ये असते ती. जाड्याने जागा धरली की या लहानग्याला आपल्या मनासारखी जागा निवडता येत नाही. असे रेणू दोन तऱ्हांचे असतात. एका तऱ्हेत लहानग्याला बाहेरची जागा मिळते. दुसरीत त्याला दाटीत उभंच राहावं लागतं. एरवी कडं उलटलं असतं आणि त्याची सुटका झाली असती, पण जाडा उलटू देत नाही. मला या दोन तऱ्हा एकमेकींपासून वेगळ्या करायच्या होत्या आणि मग प्रत्येकीवर क्रोमिक आम्ल घालून नारिंगीचा हिरवा रंग किती लवकर होतो ते मोजायचं होतं. उभा लहानगा लवकर सुटतो असं जर्नलात आलं होतं. दाटीतून बाहेर पडायचं असतं म्हणून, असं एक स्पष्टीकरण होतं. सरांना ते आमच्या हातांनी, आमच्या बाटल्यांतून बघायचं होतं.

त्या पदार्थाला कापरासारखा वास होता. तो साडीला लागायचा, केसांत बसायचा. आत्याला पहिले काही दिवस वाटलं की मी येताना कुठल्यातरी देवळात जाते. ती खूश होती. दादांनी एकदा सांगितलं की हा तिच्या कामाचा वास आहे, तेव्हा ती म्हणाली की वास चांगला आहे, कामाचा असला तरी. दादा मात्र मी आले की गॅलरीत जायचे. आईच्या वेळी खोलीत कापूर फार जळला होता. मला तो वास कापराचा आहे एवढंच कळायचं.

पौष संपला तसं आत्याने माझ्या लग्नाचं काढलं. आमच्यात रीत आहे, घरात मोठं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आई गेली श्रावणात. आषाढात देव झोपले की चार महिने लग्नं नाहीत. म्हणजे हातात उरला होता तो ज्येष्ठापर्यंतचा काळ. आत्याने हे सगळं दादांना बोटांवर समजावून सांगितलं आणि दादा हो म्हणाले. मला तिने विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. मला वाटलं, ठीक आहे, हेही होऊन जाईल.

स्थळ मुलुंडचं आलं. माणसं आमच्याच बाजूची, सरळ. मुलगा कानपूरला एका कारखान्यात नोकरीला, रजेवर आला होता. माघात ती मंडळी बघायला आली. मुलाने मला विचारलं, पुढे शिकायची इच्छा आहे का. चांगला मुलगा होता, मनापासून विचारलं त्याने. मी म्हटलं, तसं काही नाही. त्याने मान हलवली. घरी गेल्यावर त्यांनी होकार कळवला. आत्याने मला सांगितलं, मी म्हटलं, चालेल. त्या दिवसांत मी सगळ्यालाच चालेल म्हणत होते. साडी कुठली घ्यायची, चालेल. कानपूरला जावं लागेल, चालेल. कानपूरला माझी खुर्ची नव्हती, सर नव्हते, क्रोमिक आम्ल नव्हतं. हे मला ठाऊक होतं, जसं पाणी कितीला उकळतं हे ठाऊक असतं तसं.

इकडे प्रयोगशाळेत माझं काम अडलं होतं. दोन्ही तऱ्हांचं मिश्रण मी अॅल्युमिनाच्या पांढऱ्या पुडीने भरलेल्या उंच नळीतून हळूहळू खाली उतरवत असे. आधी उतरेल ते एका बाटलीत, मागाहून येईल ते दुसऱ्या बाटलीत. मग दोन्ही बाटल्यांतले स्फटिक बारीक काचनळीत भरून, थर्मामीटरला बांधून, तेलात तापवून ते कधी वितळतात ते बघायचं. दोन्ही बाटल्यांतले स्फटिक जवळजवळ एकाच वेळी वितळायचे. म्हणजे वेगळं काहीच झालेलं नाही, दोन्हीकडे तेच आहे, असं मी धरून चालले. पुन्हा नळी भरली. पुन्हा तेच. मी कुरकुर न करता तिसऱ्यांदा नळी भरायला घेतली. बाजूच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला की तुझा धीर दांडगा आहे. धीर कसला, मला काही फरक पडत नव्हता.

सर एकदा माझ्या टेबलाशी थांबले. बुटके, घारे, नेहमी घाईत. मी त्यांना सांगितलं की वेगळं होत नाहीये. त्यांनी दोन्ही बाटल्या उजेडाकडे धरल्या आणि विचारलं, दोन्ही मिसळून वितळवून पाहिलं का. मी पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोराला जे शिकवतात ते. दोन पदार्थ एकच असतील तर मिसळल्यावरही तिथेच वितळतात, वेगळे असतील तर मिश्रण खूप आधी ढासळतं. मी चिमूटभर इकडचं, चिमूटभर तिकडचं घेतलं, खलात घोटलं, काचनळीत भरलं आणि तेलात सोडलं. तेल अजून नीट तापलंही नव्हतं आणि नळीतली पांढरी पूड ओली होऊन बसली. म्हणजे दोन्ही वेगळे होते. पहिल्याच खेपेपासून वेगळे होते. माझ्याकडे कित्येक आठवडे एका बाटलीत उभा लहानगा आणि दुसऱ्या बाटलीत बाहेरचा लहानगा अलग अलग होता, आणि मी समजत होते की काहीच झालेलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. सरांना झाला. ते म्हणाले, आता वेग मोजायचे, दिवाळीपर्यंत सगळं पुरं होईल, लिहायला बस. मी सांगितलं की ज्येष्ठात माझं लग्न आहे आणि मी कानपूरला जाणार. त्यांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हणाले की मग पुढचं काम बाजूच्या टेबलावरच्या मुलाला देऊ, तू बाटल्यांवर नीट चिठ्ठ्या लाव, कुठल्यात काय आहे ते त्याला कळलं पाहिजे. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी चिठ्ठ्या कापल्या, डिंक लावला, चिकटवल्या.  मग मी डबा उघडला, आणि खाल्लं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आत्या घर आवरायला निघाली. साखरपुडा चार दिवसांवर आला होता आणि खिडकीच्या कट्ट्यावरचा माझा पसारा तिच्या डोळ्यांत खुपत होता. दादा गॅलरीत खाटेवर पेपर तोंडावर घेऊन पडले होते. मी वाल सोलत बसले होते. आत्याने कट्ट्यावरून एक सांगाडा उचलला. सहा वाटाणे, मध्ये हीर, आणि एका वाटाण्याला लहानसा बटाटा टोचलेला. बटाटा सुकून सुरकुतला होता. समोरच्या टोकाला काळा हरभरा होता. बाकीच्या जागांवर नुसतीच हिराची टोकं.

"ह्या काय गो?" तिने विचारलं.

एरवी मी काही नाही म्हणाले असते. पण सांगायला सोपं होतं, रोजच्या कामातलं होतं, म्हणून सांगितलं. तो वाळलेला सांगाडा बाजूला ठेवला आणि पातेल्यातले ताजे भिजलेले वाटाणे घेऊन तसाच दुसरा केला, कारण ओला असतानाच तो वळतो. बटाटा उभ्या जागेत लावला तर त्याच बाजूच्या दोन उभ्या हिरांवर कसा रेलतो ते तिला दाखवलं. मग कडं वळवलं आणि बटाटा बाहेर आला, ऐसपैस बसला. आत्या बघत होती. ती म्हणाली की बटाट्याचं बरोबर आहे, जाड माणसाला जागा लागतेच. हे ती स्वतःबद्दल म्हणाली आणि हसली. मग तिने हरभऱ्याकडे बोट केलं. कडं वळलं तसा तो बाहेरचा आत, दाटीत, उभा झाला होता.

"आणि ह्या बारक्याक कोण इचारता?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "बटाटा कुठे बसतो त्यावर त्याचं ठरतं."

"पुन्हा परतवला तर?"

"बटाटा परतू देत नाही. एकदा बसला की बसला."

आत्या केर काढायची थांबली आणि जमिनीवर बसली. नवा सांगाडा तिने माझ्या हातातून घेतला.  मग तिने जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. दादांनाही पुरतं ठाऊक नव्हतं, ते तेव्हा फार लहान होते.

तिची आई, म्हणजे माझी आजी, गेली तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. शेजारच्या गावचा मुलगा, तिने त्याला जत्रेत पाहिलेला. आजोबांना वर्षाच्या आत लग्न करणं जमलं नाही, घरात आजारपण होतं, हात रिकामे होते. ते म्हणाले, तीन वर्षं थांबू. मुलाकडचे थांबले नाहीत. तीन वर्षांनी जे स्थळ आलं ते बिजवराचं आलं, पुरुष वयस्कर, खोकणारा. तिला त्याच्याकडे दिली. तो लवकरच गेला. नंतरचं सगळं आयुष्य तिने दिरांच्या चुलीपुढे काढलं. तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती की ती तीन वर्षं तिला नडली. म्हणून माझी आई गेल्याचं कळलं तेव्हा बसमध्येच तिने ठरवलं होतं की या पोरीचं वर्षाच्या आत करायचं, काही झालं तरी करायचं. इतके दिवस मी समजत होते की आत्याला घाई आहे. तिला भीती होती.

"माका तेव्हा कोणी इचारूक नाय," ती म्हणाली. "थांब म्हणाले, थांबलंय. जा म्हणाले, गेलंय." तिने सांगाडा कट्ट्यावर ठेवला. "आता मी तुका इचारतंय. तुका काय होया?"

माझ्या तोंडात चालेल आलं होतं. ओठांपर्यंत आलं. तिच्याकडे बघून ते बाहेर पडेना. तिने प्रश्न विचारला होता आणि तिला उत्तर हवं होतं, तिच्या चेहऱ्यावर ते अगदी उघड दिसत होतं. गॅलरीत पेपर वाजला. मी वालाची साल बोटावरून काढली, पुन्हा काढली. मग मी बोलले, आणि तो आवाज मला इतका अनोळखी वाटला की मी दचकले.

"मला थांबायचंय," मी म्हटलं. "माझं काम पुरं करायचंय. कोणता लवकर सुटतो ते मला बघायचंय. दुसऱ्याने बघितलेलं नकोय."

"मग आधी कित्याक नाय सांगलंस? त्या झिलान इचारल्यान होता ना तुका?"

"आधी मला माहीत नव्हतं."

हे अगदी खरं होतं. तिला ते पटलं असावं. दादा दारात येऊन उभे होते. ते आत्याला म्हणाले, बाय, पण तीन वर्षं म्हणजे... आत्या त्यांना म्हणाली की इतके दिवस गप्प बसलास तसा अजून जरा गप्प बस. मग तिने त्यांना जवळ बसवलं आणि तिघांनी मिळून वाल सोलले. दादांना सोलता येत नव्हते, ते साल काढताना दाणे मोडत होते.

त्या संध्याकाळी दादांनी स्वतःहून एक गोष्ट केली, म्हणजे केली नाही, सुचवली. ते म्हणाले की ते उद्या कचेरीतून परस्पर मुलुंडला जातील आणि सांगतील की पत्रिका पुन्हा एका जाणत्याला दाखवली, जुळत नाही. आमच्यात नकार असाच देतात. मुलगा आवडला नाही, मुलगी काळी आहे, हुंड्याचं जमत नाही, काहीही असो, बाहेर जाताना ते ग्रहांच्या नावावर जातं. त्यात कोणाचा अपमान होत नाही आणि मुलीला बोल लागत नाही. मुलीने नको म्हटलं असं कधी कोणी म्हणत नाही. म्हटलं तर पुढे त्या घरात स्थळ येत नाही. मला दादांचं बरोबर वाटलं. आत्या म्हणाली, तू जाऊ नको, मी जाईन.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धुवट पांढरं लुगडं नेसून एकटी निघाली. मुंबईत ती तोवर एकटी कुठे गेली नव्हती. मी त्या दिवशी रसायनशाळेत गेले नाही. घरात बसून होते आणि मला कळत होतं की माझे हात गार पडलेत. कळत होतं म्हणजे नेहमीसारखं लांबून नव्हे. माझेच हात होते. मी ते शेगडीपाशी धरून बघितले.

दादा कचेरीतून आले, त्यांनी चहा घेतला, आत्याचा पत्ता नाही. दिवेलागणीला ती आली. चपला काढल्या, पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायली. दादांनी तिला विचारलं की पत्रिकेचं सांगितलंस का.

"खरा ता सांगलंय," आत्या म्हणाली. "पोरगी म्हणता, माका थांबूचा आसा."

दादांनी कप खाली ठेवला.  मुलाची आई काय म्हणाली ते आत्याने मग सावकाश सांगितलं. त्या बाईला ते खरं वाटलं नव्हतं. तिने पुन्हा पुन्हा विचारलं होतं की हे घरच्यांचं म्हणणं की मुलीचं. पत्रिकेचं वगैरे असेल तर तसं सांगा, आम्ही समजून घेऊ, असंही म्हणाली होती, म्हणजे तिने आत्याला सुटायला वाट करून दिली होती. आत्याने ती वाट घेतली नाही. ती म्हणाली, पत्रिकेत काही दोष नाही, तुमच्या मुलात काही दोष नाही, मी पोरीला तोंडावर विचारलं आणि तिने मला तोंडावर सांगितलं. मुलगा तिथेच होता. तो उठून आला, आत्याच्या पाया पडला आणि तिला स्टेशनापर्यंत पोचवायला आला. वाटेत त्याने विचारलं की ती नेमकं कशावर काम करते. आत्याने त्याला बटाट्याचं सांगितलं.

मी तांदूळ धूत होते. ऐकता ऐकता माझे हात थांबले. माझ्या मनातली गोष्ट माझी म्हणून, दुसऱ्या कोणाच्या नावावर न घालता, कोणीतरी घराबाहेर नेली होती आणि परक्या माणसांच्या ओटीवर उभं राहून सांगितली होती. आयुष्यात हे माझ्यासाठी त्याआधी एकाच माणसाने केलं होतं. रसायनशाळेच्या प्रवेशाच्या वेळी, माझ्या मामांसमोर. 

"आते," मी म्हटलं, "आई गेली."

तिला जणू ते ठाऊकच नव्हतं अशा तऱ्हेने मी ते सांगितलं. दादांनी तोंड फिरवलं. मी परत म्हटलं, आई गेली, आणि मग मला बोलता येईना, तांदळाच्या पाण्यात हात तसेच होते आणि मी मोठमोठ्याने रडत होते, जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"होय गो," आत्या म्हणाली. तिने शेगडीवरचं आधण उतरवून ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.